पस्तिसावा दिवस

माझी मुलगी चार माणसांसमोर "मले नाही माहीत" असं म्हणाली, तेव्हा माझ्या हातात संत्र्याचं कलम होतं. वीतभर जंबेरीचं, म्हणजे रानलिंबाचं, खोड, त्यावर बांधलेला संत्र्याचा डोळा, त्यातून फुटलेली पाच-सहा पानं. सावरगावला वीरेंद्रच्या नर्सरीत मी उभा होतो आणि फोन मुद्दाम स्पीकरवर टाकला होता. मुद्दामच, खोटं कशाला बोलू. वीरेंद्र म्हणाला होता, "सर, तुमची पोरगी पुण्यात हवामानाच्या कॉम्प्युटरवर आहे न, तिलेच विचारा न पुढं किती तापन ते. आमालेबी समजन." तिथं आणखी तिघं कलमं निवडत होते, तेही थांबले. माझी छाती फुगली. सौंसरच्या शाळेत तेहेतीस वर्षं गणित-विज्ञान शिकवलं, पण कोणी असं थांबून ऐकलेलं आठवत नाही. मी म्हणालो, "हे बघ हिमानी, दोनशे ऐंशी कलमं घेऊन राहिलो. झाड पंचवीस वर्षं राहते. हवेतला कार्बन दुप्पट झाला तं पृथ्वी किती अंशानं तापन, हेच काढून राहिली न तू? तो आकडा सांग. एकच सांग." पलीकडून पंख्याचा आवाज आला, मग तिचा, "मले नाही माहीत, बाबा." तिघांपैकी एक जण हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. आणि माझं डोकं फिरलं. "मंग दहा वर्षं तथी काय करून राहिली? एवढा मोठा कॉम्प्युटर काय गाणे ऐकाले ठेवला?" असं म्हणून मी फोन कापला. वीरेंद्रनं विषय बदलला. भला माणूस आहे. म्हणाला, "सर, पाच वाजेपर्यंत ठेवतो कलमं. घ्याची असन तं फोन करा, सकाळी गाडी पाठवतो. नाहीतर दुसरे लोकं तयारच आहे." मी हातातलं कलम खाली ठेवलं. पिशवीची माती बोटांना लागली होती. ती मी पॅंटला पुसली, म्हणजे घरी गेल्यावर बायकोची, छायाची, बोलणी आलीच.

नर्सरीतून निघालो आणि पाऊस आला. जाम नदीच्या पुलापर्यंत येईस्तोवर डोक्यापासून ओला झालो. पुलाच्या मध्यावर पाऊस थांबला. थांबला म्हणजे संपला नाही, मागे सावरगावात तो पडतच होता, आवाज येत होता. पुढे पांढुर्ण्यात रस्ता कोरडा, धूळ तशीच, एक बाई वाळत घातलेल्या मिरच्यांजवळ निवांत बसलेली. मी पुलावर उभा राहून एकदा मागे पाहिलं, एकदा पुढे. हिमानीनं मागच्या दिवाळीला सांगितलं होतं की तिच्या कॉम्प्युटरात पृथ्वीचे चौकोन पाडलेले असतात, आणि तिच्या एका चौकोनात सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा, शिवाय नागपूरचा तुकडा, सगळं एकत्र येतं. त्या सगळ्याला मिळून एकच तापमान आणि एकच पाऊस. मी तेव्हा भडकलो होतो. म्हणालो होतो, "अरे बाप्पा! इथं सावरगावात पडते अन् पांढुर्ण्यात पडत नाही, अन् तू छिंदवाड्याले अन् आमाले एकाच गिलासात पाजते?" ती म्हणाली, "हाव बाबा, तेच तं दुखणं आहे. ढग चौकोनापेक्षा लहान आहे." ढग चौकोनापेक्षा लहान आहे. हे वाक्य आज पुलावर ओल्या सदऱ्यानं उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. पण तेव्हा मला ऐकायचं नव्हतं. नाकातून हसलेला तो माणूस डोक्यातून जात नव्हता.

जिल्हा झाल्यापासून पांढुर्ण्याच्या बस स्टॅंडवर पाय ठेवायला जागा नसते, तरी सौंसरच्या गाडीत खिडकी मिळाली. सदरा अंगाला चिकटला होता, रेक्झिनच्या सीटवर पाठ ठेवली की थंड लागायचं. मी स्वतःशीच भांडत बसलो. उत्तर एकच असतं, हे मी तेहेतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. आकडा, आकड्यापुढं एकक, खाली दोन रेघा. एकक नसेल तर अर्धा गुण कापायचा, बोर्डातल्या माणसाचं पोरगं असो की बैलगाडीवाल्याचं. आणि एकदा तर मी हिमानीचाच कापला. आठवीत होती, माझ्याच वर्गात. शाळेत मला 'सर' म्हणायची आणि घरी आल्यावर पायरीवर पाय ठेवला की 'बाबा'. बाकाची लांबी मोजा, असा साधा प्रयोग. सगळ्यांनी लिहिलं, ब्याण्णव सेंटिमीटर. हिने लिहिलं, 'एक्याण्णव आणि ब्याण्णवच्या मध्ये, बाकाचे कोपरे झिजले आहेत.' मी लाल पेननं 'मध्ये' या शब्दाखाली रेघ ओढली आणि अर्धा गुण कापला. ती वही घेऊन टेबलापाशी आली. रडली नाही. "सर, पट्टी एवढंच सांगते. त्याच्यापुढचं मी मनानं कसं लिहू?" मी म्हणालो, जागेवर बस. वर्गात हशा झाला. आता बसमध्ये मला तो हशा आठवला आणि आजचं ते नाकातलं हसू त्याच्यातच मिसळून गेलं. तेव्हा पोरं तिला हसली होती, आणि हसायला मी लावलं होतं.

"सर, अंग पुसा, सर्दी होईन." शेजारी दादाराव येऊन बसला होता, मला कळलंही नव्हतं. दादाराव म्हणजे सौंसरचाच. तहसीलमध्ये नोकरीला होता, आता निवृत्त. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहिणं हे त्याचं काम, सव्वीस वर्षं. त्याने गळ्यातला दुपट्टा काढून दिला. मी डोकं पुसलं आणि उगाचच, म्हणजे कोणावर तरी राग काढायचा म्हणून, म्हणालो, "दादाराव, तुही वही तं पक्की होती. किती पडला, एक आकडा. झगडा नाही."

"कोन सांगतलं?" दादाराव हसला. "माह्या वहीत नऊ दिवस कोरे आहे."

"कोरे काहून?"

"एकडाव बांदरानं भांडं लवंडलं. एकडाव मी माह्या पोरीच्या, दीपालीच्या लग्नात होतो, बदलीवाला आलाच नाही. दुसऱ्या दिवशी भांड्यात दोन दिवसांचं पाणी. आता कोनत्या दिवशी किती पडला, मी काय सांगू? लोकं म्हणे, अर्धं अर्धं लिहून टाक, कोन पाहून राहिलं. म्या नाही लिहलं. कोरा ठेवला अन् बाजूले लिहलं, माप नाही."

"अर्धं अर्धं लिहलं असतं तं काय बिघडलं असतं?"

दादारावनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विद्यार्थी आणि तो मास्तर. "सर, मंग बाकीच्या दिवसाईवर कोन भरोसा ठेवन?"

तो उतरायच्या आधी डुलकी घेतो म्हणाला आणि खरंच झोपला. लहान लेकराला लागते तशी त्याला झोप लागते, मला हेवा वाटला. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. कपाशी गुडघ्याला आली होती. मधे मधे संत्र्याचे बगीचे, काहींत झाडांच्या जागी नुसते खोडके. आमचाही तसाच. डिंक्या रोगानं खोडं चिरली, डिंक ओघळला, तीन वर्षांत बगीचा वाळला, आणि उन्हाळ्यात मी तो उपटून काढला. दोनशे ऐंशी खड्डे खणून ठेवलेत, तीन फूट बाय तीन फूट, तळाला शेणखत टाकून. मी सहासष्ट वर्षांचा आहे. ही माझी शेवटची लागवड, हे छायाला माहीत आहे, मलाही माहीत आहे, आम्ही दोघंही ते बोलत नाही. एप्रिल-मेमधलं ऊन अजून चढलं तर बोराएवढी फळं गळून जातील आणि पंचवीस वर्षं कोणीतरी, मी नसताना, त्या झाडांखाली उभं राहून मला शिव्या घालील. म्हणून मला आकडा हवा होता. फुशारकीसाठी हवा होता हे खरं, पण यासाठीही हवा होता. आणि तिनं नाही दिला.

दिवाळीला ती गच्चीवर माझ्याजवळ बसून दोन तास बोलत होती. मी अर्धं ऐकलं. बाप लोक मुलींचं अर्धंच ऐकतात, उरलेल्या अर्ध्यात ती वाळली का, जेवते का, हे पाहतात. ती म्हणत होती की जगात असे पन्नासेक मोठे कॉम्प्युटरचे हिशेब आहेत, त्यांना मॉडेल म्हणतात. प्रत्येकाला तोच प्रश्न टाकला की कुणी म्हणतं दोनच्या आसपास, कुणी म्हणतं पाचच्या वर. सगळ्यांचं भौतिकशास्त्र तेच. फरक ढगांत. खालचे पांढरे ढग ऊन परत पाठवतात. पृथ्वी तापली की ते विरतील की टिकतील, एवढ्यावर सगळा आकडा डोलतो. आणि ढग तर चौकोनात मावत नाहीत, म्हणून प्रत्येक जण त्यांच्यासाठी एक अंदाज बसवतो. तिच्या गटाचं मॉडेल पाच पूर्णांक दोन सांगत होतं. "ते तुमच्यासारखं आहे बाबा," ती म्हणाली, "जराशी काडी केली की भडकते." छाया खालून जिन्यात होती, तीही हसली. मी विचारलं, मग खरं कोण? तेव्हा ती जे म्हणाली ते मी कानावरून जाऊ दिलं होतं, ते आता गाडीच्या हेलकाव्यात एकेक शब्द परत आलं. ती म्हणाली, पुढचं कुणी पाहिलं नाही, पण मागचं पृथ्वीनं लिहून ठेवलं आहे. म्हणून तिनं आपलं मॉडेल वीस हजार वर्षं मागं नेलं, हिमयुगात. तेव्हा पृथ्वी किती गार होती हे समुद्राच्या तळाच्या गाळातून लोकांनी काढलेलं आहे. तिच्या मॉडेलनं पृथ्वी इतकी गार करून टाकली की तशी ती असूच शकत नव्हती. सहा वर्षं त्या मॉडेलवर काम केलेलं. तिनं स्वतः ते तपासलं, आणि स्वतःच लिहून दिलं की आमचा आकडा जास्त आहे, याच्यावर विसंबू नका. सहज सांगितलं तिनं, चिवड्यातले शेंगदाणे वेचता वेचता. मी काय म्हणालो त्यावर? मी म्हणालो, "मंग प्रमोशन?"

धन्य आहे माझी. मी जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. स्वतःची वही उघडून, लाल पेन घेऊन, स्वतःचं सहा वर्षांचं उत्तर कापायचं, हे मी कधी केलं? केलं नाही, असं नाही म्हणता येत. एकदा करायची वेळ आली होती. केलं नाही.

नव्वदच्या आधीची गोष्ट. मला शाळेत लागून दोन वर्षं झाली होती. बाबांना, म्हणजे भैय्याजींना, डिसेंबरात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला न्यावं लागलं, आणि बगीचा पहिल्यांदा माझ्या हातात आला. नेमका आंबिया बहाराचा ताण द्यायचा महिना. संत्र्याला फुलावर आणायचं तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. झाड तहानेलं होतं, पानं मलूल पडतात, पिवळी होऊन काही गळतात, आणि मग पाणी सोडलं की ते फुलानं भरून जातं. कमी ताण दिला तर फूल येत नाही, नुसती पालवी फुटते. जास्त दिला तर झाड जातं. सगळी कला त्या मधल्या दिवसांत. खाटेवर बसून बाबा म्हणाले, "पंचवीस ते पंचेचाळीस दिवस. झाड पाहून घेजो." मी विचारलं, नक्की किती? ते म्हणाले, "नक्की नाही सांगता येत बा." मला हसू आलं होतं. अडाणी माणूस, म्हटलं, जन्मभर बगीचा केला आणि वीस दिवसांचा फरक ठेवतो! मी बी. एस्सी. झालेलो. मी पंचवीस आणि पंचेचाळीसची बेरीज केली, दोननं भागलं, आणि शेतातल्या कोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलं: ३५. खाली दोन रेघा.

अठ्ठाविसाव्या दिवशी आई, अंबाबाई, खालच्या मुरमाडातून फिरून आली आणि म्हणाली, "हेमराज, खालचे झाडं कसेसेच दिसून राहिले रे. पाणी दे." मी तिला भिंत दाखवली. बत्तिसाव्या दिवशी ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा भिंत दाखवली. शिकलेल्या माणसाची भिंत. पस्तिसाव्या दिवशी सूर्य उगवायच्या आत मी पाणी सोडलं, घड्याळ पाहून. मुरमाडातली एक्केचाळीस झाडं उठलीच नाहीत. नखानं साल खरवडली तर आत हिरवं नव्हतं, लाकूड. आणि वरच्या काळ्या मातीत, जिथे ओल खोल धरून असते, त्या झाडांना पस्तीस दिवसांत ताण बसलाच नव्हता. त्यांना पालवी आली, फूल नाही. एकाच आकड्यानं खालची मारली आणि वरची वांझ ठेवली. पस्तीस दिवस लागणारं झाड आमच्या बगीच्यात एकही नव्हतं. बाबा आले ते एका डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन. खोडांवर हात ठेवत ठेवत खालपर्यंत गेले. मी मागे. मला वाटलं, आता बोलतील, निदान चार शिव्या. कोठ्यात आल्यावर भिंतीवरचा आकडा त्यांनी उरलेल्या डोळ्यानं बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "चुकी माही आहे. म्या तुले झाडं दाखवाले पाह्यजे होते, नुसतं सांगाले नाही." आणि आंघोळीला गेले. त्या दिवसापासून मी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. छायालाही झाडं रोगानं गेली असंच सांगितलं. खडूचा आकडा रात्रीतून पुसला. लाल पेन मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत घेऊन गेलो, आणि पुढची एकतीस वर्षं चालवलं.

"सर, सौंसर!" दादारावनं हलवलं. सदरा अंगावरच वाळला होता. त्याचा दुपट्टा परत द्यायला गेलो तर म्हणाला, राहू द्या, घरून घेईन. घरी न जाता मी सरळ बगीच्याकडे चाललो. पावणेपाच झाले होते. ऊन पडलं होतं, पश्चिमेला ढगांची एक लांब रांग, खालून सपाट, वरून फुगलेली. कोणताच चौकोन नसलेली. बांधावरून दोन्ही बाजूंचे खड्डे दिसत होते. वर काळी माती, खाली मुरूम. वरच्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं, खालच्यांतलं जिरून गेलं होतं. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला असणार.

हिमानीनं पहिल्याच घंटीला उचललं. म्हणजे फोन हातातच धरून बसली होती.

"बाबा, तुम्ही रागावले न?"

"ते जाऊ दे. स्पीकर बंद आहे. मले सांग, कुठून कुठपर्यंत?"

ती घाईघाईनं सांगू लागली, मी कापायच्या आत संपवावं तशी. "अडीच ते चार, बाबा. बहुतेक त्याच्यात. तीनच्या आसपास जास्त शक्यता. पाच नसनच असं छातीठोक कोणी नाही म्हणत. दोनच्या खाली असाची शक्यता आता लय कमी आहे. आधी दीडपासून धरत होते, चाळीस वर्षं लोकं राबले तेव्हा खालचं टोक वर आलं. अन् हे सगळ्या पृथ्वीचं आहे, आपल्या सौंसरचं नाही. त्या झाडाचं तं नाहीच नाही."

चाळीस वर्षं लोक राबले, आणि एक टोक सरकलं. मी खालच्या मुरमाडाकडे पाहत होतो. कुठल्या कुठल्या देशातली माणसं असतील, कोणी गाळ उपसणारी, कोणी ढग मोजणारी, कोणी माझ्या पोरीसारखी स्वतःचाच आकडा खोटा पाडणारी, आणि सगळ्यांनी मिळून एवढंच म्हणायचं, इथून इथपर्यंत, बाकीचं माप नाही. मी मोठ्यानं खाकरलो.

"तीनची शक्यता जास्त आहे म्हणते न," मी म्हणालो, "मंग तवाच तीन सांगून मोकळी काहून नाही झाली? त्या लोकाईसमोर माही इज्जत तं राहिली असती."

"दुसऱ्या कोणी विचारलं असतं तं तीनच सांगतलं असतं."

"मंग मलेच काहून नाही?"

पुण्याच्या पंख्याचा आवाज येत राहिला. मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही पुन्हा पस्तीस दिवस केले असते, बाबा."

मी बांधावर बसलो.

"तुले कोन सांगतलं?"

"आबाजीनं, तुमच्या बाबानं. मी सातवीत असन. झाडं दाखवता दाखवता सांगतलं होतं, हेमराजले कधी एक आकडा देजो नको, तो खाली दोन रेघा ओढते." तिचा आवाज ओला झाला होता की हसत होती, फोनवर कळलं नाही. "पुढच्या वर्षी बाकाच्या मापात 'मध्ये' लिहलं, ते मी त्याच्याचसाठी लिहलं होतं."

पाच वाजायला तीन मिनिटं होती. मी तिला म्हणालो, थांब, ठेवू नको. छायाच्या जुन्या फोनवरून, जो मी नेहमी विसरतो आणि आज कसा कोण जाणे खिशात होता, वीरेंद्रला लावला. "वीरेंद्र, दोनशे ऐंशी नाही. एकशे साठ पाठव, वरच्या काळ्या मातीपुरते. खाली मुरमात सीताफळ पाहीन, ते तगते."

"सर, पोरीनं आकडा सांगतला का मंग?"

"नाही," मी म्हणालो. आणि मग मुद्दाम, नर्सरीत जे कोणी उभे असतील त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "तिले जेवढं माहीत आहे तेवढंच सांगतलं. लय मोठी पोट्टी आहे माही."

दुसऱ्या कानाला हिमानी होती, तिनं ऐकलं. मी तिला म्हणालो, दिवाळीची वाट नको पाहू, या महिन्यातच ये, खड्डे पाहाले. आणि येताना आठवीची ती वही सापडली तर घेऊन ये. माझ्याकडे तिचा अर्धा गुण आहे.